‘ओन्ली फॅमिली’ची मिजास

खोली वाटून राहणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे एक मत इतकं पक्कं झालं आहे, की ते मांडायच्या भानगडीतही आता कुणी पडत नाही. सरळ पाटीवर लिहून टाकतात: ‘ओन्ली फॅमिली’. आंबिवली, मोहने, अटाळी, पुढे टिटवाळा, जिथे म्हणून नवी इमारत उभी राहते तिथे रंग वाळायच्या आत हे दोन शब्द गेटवर येतात, आणि इस्टेट एजंट गिऱ्हाइकाचं नाव विचारण्याआधी विचारतो, ‘फॅमिली आहे ना?’ या दोन शब्दांमागचा युक्तिवाद सोडवून मांडला तर तो असा: चार-पाच परके पुरुष (किंवा, त्याहून भयंकर, चार-पाच परक्या मुली) एका खोलीत राहतात ते पैसे वाचवायला. ज्याला पैसे वाचवायचे असतात त्याला इमारतीची, शेजाऱ्यांची, शहराची चाड नसते. आज इथे, उद्या तिथे. तो घाण करतो, पाणी उपसतो, रात्री-अपरात्री येतो, त्याच्याकडे कोण येतं-जातं याचा पत्ता नसतो. आणि मुळात असं राहणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. म्हणून त्याला खोली देऊ नये. दिलीच तर उपकार केल्यासारखी, चढं भाडं घेऊन द्यावी. हे मत बाळगणारी माणसं दुष्ट नसतात. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करणारी, शेजाऱ्याच्या मयताला पहिली धावणारी माणसं असतात. चीड येते ती त्यामुळेच. एखादा गुंड कुणाला खोली नाकारतो तेव्हा आपण त्याला गुंडगिरी म्हणतो. चेअरमन आणि सेक्रेटरी नाकारतात तेव्हा तिला शिस्त म्हणतो.

आधी ही माणसं कोण ते पाहू, कारण विरोधकांच्या डोळ्यांपुढे जो ‘बॅचलर’ असतो तो बहुधा सिनेमातून आलेला असतो. प्रत्यक्षात कल्याणच्या पुढच्या स्टेशनांवर खोली वाटून घेणारा माणूस मुक्कामी प्रवासी असतो. आयटीआय करून अंबरनाथ-डोंबिवलीच्या एमआयडीसीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून वर्षभरासाठी आलेला, एखाद्या बांधकामावर काम संपेपर्यंत सुपरवायझर म्हणून थांबलेला, परीक्षेच्या क्लासला तीन-चार महिने आलेला, नर्सिंगचं शिक्षण संपवून पहिल्या नोकरीवर रुजू झालेली. तो जळगाव, परभणी, अकोले, जव्हार अशा ठिकाणांहून आलेला असतो आणि आपण इथे कायमचं राहणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला सल्ला काय मिळतो? ‘दोन पैसे जास्त द्या, पण स्वतःचं असं राहा.’ हे दोन पैसे किती, ते एकदा मोजून बघावं. समजा, वन आरकेचं भाडं सहा हजार आहे आणि डिपॉझिट तीस हजार. ब्रोकर एक महिन्याचं भाडं घेतो. म्हणजे तीस, अधिक सहा, अधिक पहिल्या महिन्याचे सहा: चावी हातात येण्याआधी बेचाळीस हजार. वर करारावरचं मुद्रांक शुल्क आणि शहरी भागातली एक हजार रुपये नोंदणी फी. मग गादी, बादली, शेगडी, तवा. करार अकरा महिन्यांचा, मुक्काम तीन महिन्यांचा, पगार समजा सोळा हजार. लॉजवर राहावं म्हटलं, तर रोजचे पाचशे धरले तरी महिन्याचे पंधरा हजार झाले. उरलेल्या एका हजारात त्याने जेवावं, पास काढावा आणि घरीही पैसे पाठवावेत अशी अपेक्षा आहे काय? तेच बेचाळीस हजार चौघांत वाटले तर माणशी साडेदहा येतात, आणि कॉट बेसिसवर आधीच लागलेल्या खोलीत शिरला तर एका महिन्याच्या आगाऊ भाड्यात काम होतं. याला कंजूसपणा म्हणणाऱ्याला एकतर बेरीज येत नाही, किंवा आयुष्यात कधी डिपॉझिट भरावं लागलेलं नाही.

आणि तो आंबिवलीलाच का येतो? कल्याणला जो फाटा फुटतो त्यातल्या कसाऱ्याच्या बाजूला शहाडनंतरचं हे स्टेशन. मुंबई इथून साठेक किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी सीएसएमटीला पोचायला सव्वा-दीड तास जातो, आणि कल्याणपुढे वर्षानुवर्षं दोनच रूळ असल्यामुळे लोकल, मेल गाड्या, मालगाड्या सगळ्या त्यावरूनच धावत आल्या. एक लोकल चुकली की पुढचीसाठी ताटकळत उभं राहणं ठरलेलं. सेकंड क्लासचा महिन्याचा पास स्वस्त असतो आणि कल्याणपेक्षा खोलीही स्वस्त पडते, एवढ्यासाठी हा माणूस रोज आपल्या झोपेतले दोन-तीन तास रेल्वेला देतो. म्हणजे भाड्यातला फरक तो स्वतःच्या शरीरातून भरतो. अशा माणसाला ‘शहराशी देणंघेणं नाही’ म्हणायला जीभ रेटते तरी कशी?

त्याची खोली एकदा नीट बघायला हवी. गॅलरीतून जाता-जाता दिसते तेवढी पुरत नाही. दहा बाय बाराची खोली, चौघे किंवा पाच जण. भिंतीलगत बॅगा, त्यांवर घडी केलेल्या गाद्या. एका एक्स्टेन्शन बोर्डाला पाच चार्जर. मोरीत एक पिंप, कारण पाणी येतं तेव्हा निम्मे जण कामावर असतात आणि जो घरात असेल त्याने पिंप भरून ठेवायचं हा कायदा. बाथरूमचा क्रम वयावर किंवा ज्येष्ठतेवर ठरत नाही, गाडीवर ठरतो: ज्याची फर्स्ट शिफ्ट तो पहिला, ज्याला आठची लोकल तो शेवटी. नाइट करून आलेला, बाकीचे बाहेर पडल्यावर, पंख्याखालच्या जागेवर आडवा होतो. खिळ्याला दोरीने अडकवलेली एक वही असते. गॅस, मीठ, वीजबिल, झाडू, डासांची अगरबत्ती, सगळं तारीख घालून, पुढे नाव, महिनाअखेरीला भागाकार. पोळ्या बाहेरच्या पोळी-भाजी केंद्रातून, भाजी घरी, आणि ज्याच्या हाताला चव तो भांडी घासण्यातून मोकळा. कुणी गाव गाठलं की त्याची गादी आणि बादली नव्याला किरकोळ पैशांत मिळते, तीही वहीत लिहून. ज्यांना ही बेशिस्त वाटते त्यांनी आपल्या घरातल्या वीजबिलाचा हिशेब भावाभावांत इतक्या सरळपणे होतो का, ते सांगावं. एकमेकांचे कुणी नसलेले पाच जण दहा बाय बारात वर्ष काढतात आणि कोर्टात जात नाहीत, एवढ्यावरून तरी त्यांना चार गुण द्यायला हरकत नसावी.

आता पाण्याचा मुद्दा. तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये हटकून निघतो, आणि काढणारा बहुधा असा असतो की ज्याच्या वन बीएचकेमध्ये सात माणसं राहतात. आई-वडील, नवरा-बायको, दोन मुलं, शिकायला आलेला भाचा. त्यांना कुणी डोकी मोजून नोटीस देत नाही, देऊही नये. दिवसभर घर वाहतं, कपडे, भांडी, फरशी, पाहुणे. याउलट सकाळी सहाला बाहेर पडून रात्री नऊला परतणारे चौघे टाकीतलं पाणी उपसणार ते कोणत्या मुहूर्तावर? गोंगाटाचंही तेच. बारशाचा स्पीकर, हळदीचा बँजो, थर्टी फर्स्टची गच्ची, हे सगळं कुटुंबवत्सल असतं म्हणून कानाला गोड लागतं; वरच्या खोलीत चौघे मॅच बघताना ओरडले की संस्कृती धोक्यात येते. त्रास मोजायचा असेल तर जरूर मोजा, डेसिबलमध्ये मोजा, लिटरमध्ये मोजा. लग्नाच्या दाखल्यात मोजू नका.

यानंतर येतो हुकमाचा एक्का: सुरक्षितता. ‘कोण कुठला, आपल्याला काय माहीत? उद्या काही झालं तर?’ हा प्रश्न आंबिवलीत विचारला जावा यात एक क्रूर गंमत आहे. वर्तमानपत्रांत आंबिवलीचं नाव येतं ते वर्षानुवर्षं एकाच बातमीत: सोनसाखळी चोराच्या मागावर पोलीस आले आणि वस्तीत त्यांच्यावर दगडफेक झाली. त्या बातम्यांवरून अख्खी वस्ती, अख्खं स्टेशन एका काठीने हाकू नका, चार जणांच्या गुन्ह्यासाठी हजारोंची नावं खराब करू नका, असं आंबिवलीकर कळवळून सांगतात, आणि अगदी बरोबर सांगतात. मुंबईत कुणी ‘आंबिवलीला राहता? तिथे?’ असं भुवई उंचावून विचारलं की तळपायाची आग मस्तकाला जाते. मग तीच भुवई आपण परभणीहून आलेल्या इलेक्ट्रिशियनसमोर उंचावतो तेव्हा ती सावधगिरी कशी होते? पत्त्यावरून माणूस ओळखणं चूक असेल, तर वैवाहिक स्थितीवरून ओळखणं शहाणपणाचं कसं?

बरं, सुरक्षिततेचीच काळजी असेल तर तिच्यासाठी कायदा आहे, आणि तो चांगला आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं, की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात, तेही मालकालाच. म्हणजे ‘कोण कुठला’ हे कळावं याची पूर्ण व्यवस्था आहे; ती पाळायची की नाही हे मालकाच्या हातात आहे. मालक ती पाळत नाही, कारण उत्पन्न कागदावर येतं. मग तो रोखीने, तोंडी, चार जणांना खोली देतो, सोसायटी काणाडोळा करायचे पैसे वेगळ्या नावाने घेते, आणि चोरी झाली की दोघे मिळून ‘या बॅचलर लोकांचं काही खरं नाही’ म्हणतात. बंदीने खोली वाटून राहणारा नाहीसा झालेला नाही. तो तसाच राहतोय. फक्त त्याच्याजवळचा कागद गेला आणि भाडं वाढलं. ज्याच्याकडे करार नाही त्याला रेशनकार्ड, बँक खातं, गॅस अशा कामांना इथल्या पत्त्याचा पुरावा देणं अवघड जातं. माणसाला आधी बेपत्ता करायचं आणि मग त्याचा पत्ता लागत नाही म्हणून संशय घ्यायचा, ही कुठली सुरक्षितता?

याचं टोक बघायचं असेल तर पोलीस भरतीचे दिवस आठवावेत. राज्यभरातून शारीरिक चाचणीला मुंबईत आलेली मुलं फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली बॅग उशाला घेऊन झोपल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, हळहळलोही आहोत. तीन-चार रात्रींसाठी त्यांना कुणी स्वस्तात खोलीचा कोपरा दिला नाही, कारण ते बॅचलर, परके आणि खिशाने हलके. त्यातला एखादा निवडला जातो, वर्दी घालतो, आणि मग आपण त्याच्याच टेबलावर भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म नेऊन ठेवतो. त्याने तो वाचताना मनात काय म्हणावं?

‘असं राहणं आपल्या संस्कृतीत बसत नाही’ हा मुद्दा मांडणाऱ्याने आंबिवलीहून एक स्टेशन मागे यावं. शहाडला उतरलं की उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकी दिल्या गेल्या. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक दालनांत गोणपाटाचे, कापडाचे पडदे लावून कुटुंबाला कुटुंब लागून राहिलं. नळ सामाईक, संडास सामाईक, दुःखही सामाईक. 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथल्या पत्त्यांत अजून बराक नंबर लिहितात. ज्या शहरात फर्निचर आणि जीन्सच्या खरेदीला आपण जातो ते शहरच वाटून घेतलेल्या छपराखाली उभं राहिलं. त्यांना तेव्हा कुणी ‘आज इथे, उद्या तिथे’ म्हटलं नसेल असं नाही, पण ऐंशी वर्षांत गंमत अशी झाली की ते इथेच राहिले.

आणि मुंबईचं तर विचारूच नका. लालबाग-परळच्या चाळींत गावच्या नावाने एकेक खोली असायची, अजूनही काही आहेत. गावमंडळाने वर्गणी काढून पागडीवर घेतलेली. रत्नागिरी-सिंधुदुर्ग-साताऱ्याकडून आलेला तरुण थेट तिथे ट्रंक टाकायचा. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, त्यामुळे खोलीही तीन पाळ्यांत झोपायची. एक उठला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची. बायका-मुलं गावी, महिन्याची मनीऑर्डर, जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं; म्हणजे त्या वाटून घेतलेल्या खोल्यांच्या आधारावर बायकांच्या रोजगाराचं एक अख्खं जाळं उभं होतं. धोबीतलावला गोव्याच्या गावांचे कूड होते, काही अजून आहेत. बोटीवर चढायची वाट बघणारा किंवा बोटीवरून उतरलेला दर्यावर्दी आपल्या गावच्या कुडात नाममात्र पैशांत राहायचा. ओळीने लावलेल्या ट्रंका, एका बाजूला वेदी, संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहायचं, एवढीच शिस्त. आजच्या चेअरमनच्या आजोबांची पहिली मुंबई बहुधा अशाच एखाद्या खोलीत उजाडली असेल. नातवाने संस्कृतीचा दाखला देताना आजोबांची वळकटी अडगळीत टाकून चालणार नाही.

इतिहास म्हणजे नुसती गरिबांची लाचारी, असंही कुणी म्हणेल. नाइलाज होता म्हणून राहिले. ठीक आहे. मग कर्मवीर भाऊराव पाटलांचं काय करायचं? 1924 साली साताऱ्यात त्यांनी जे बोर्डिंग सुरू केलं, त्यात निरनिराळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीत जेवायची. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. खुद्द शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली होती, पण ती बहुतेक एकेका समाजाची. भाऊरावांनी त्यातली भिंतच काढली. कारण त्यांना कळलं होतं, की वर्गात शेजारी बसल्याने जे जात नाही ते एका मोरीवर अंघोळ केल्याने जायला लागतं. एकत्र राहणं इथे लाचारी नव्हती, तो शिक्षणाचा अर्धा भाग होता. आज अटाळीतल्या एखाद्या खोलीत नांदेडचा मातंग, मालेगावचा मोमीन आणि संगमनेरचा मराठा एकाच वहीत मिठाचा हिशेब लिहीत असतील, तर भाऊरावांचं काम कसलीही सरकारी मदत न घेता चालू आहे. ते बंद पाडायला निघालेल्या सोसायट्या मात्र दर वर्षी त्यांच्या फोटोला हार घालतील.

हाराचाच विषय निघाला म्हणून. 1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर आलेल्या डॉ. आंबेडकरांना शहरात कुणी खोली दिली नाही. पारशी सराईत नाव बदलून राहावं लागलं, आणि नाव कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. पुढे 1921–22 मध्ये लंडनला अभ्यास करताना ते किंग हेन्रीज रोडवरच्या 10 नंबरच्या घरात भाड्याच्या खोलीत राहिले. तेच घर 2015 साली महाराष्ट्र सरकारने कोट्यवधी रुपये मोजून विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. पुढची हकिकत मजेशीर आहे: शेजाऱ्यांनी गजबजाटाची तक्रार केली, तिथल्या कौन्सिलने संग्रहालयाला हरकत घेतली, आणि 2020 साली ब्रिटिश सरकारने परवानगी दिली तेव्हा तो वाद मिटला. म्हणजे सोसायटीची मानसिकता लंडनलाही आहे, हे मान्य करतो. पण खिशाला परवडेल अशा भाड्याच्या खोलीत राहून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीचं आपण तीर्थ केलं, आणि त्याच महाराष्ट्रात आज आडनाव विचारून, खात्री न पटल्यास ‘फॅमिलीलाच देतो’ असं सांगून विद्यार्थ्याला दारातून परत पाठवतो. ‘फॅमिली’ हा शब्द किती ठिकाणी जातीवर आणि धर्मावर घातलेला पडदा असतो, हे प्रत्येक एजंटला माहीत आहे; विचारून बघा.

या सगळ्यात ढोंग कुठे उघडं पडतं? सुट्टीत. हीच मंडळी, किंवा त्यांची मुलं, गोव्यात अंजुण्याला जातात आणि आठ जणांच्या डॉर्मिटरीत दुमजली पलंगावरची वरची कॉट घेतात, अनोळखी माणसांबरोबर बाथरूम वाटतात, आणि त्याचे फोटो टाकतात. तिथे ते ‘बजेट ट्रॅव्हल’ असतं. कोकणात निवास व न्याहरी योजनेखाली परक्याच्या घरात झोपणारा अतिथी असतो. पंढरपुरात, शेगावात भक्तनिवासाच्या सामाईक दालनात चटई टाकणारा भाविक असतो. तीच चटई, तीच परकी माणसं, तीच काटकसर; फरक एवढाच, की तो मजा करायला किंवा पुण्य मिळवायला आलेला असतो आणि आंबिवलीतला पोट भरायला. मौजेसाठी काटकसर करणं हौस, आणि भाकरीसाठी केली की हलकेपणा? सरकारचीही मती अशीच चालते. 2024 साली जीएसटी परिषदेने वसतिगृहं आणि पीजीच्या भाड्याला माणशी दरमहा 20 हजारांपर्यंत करसवलत दिली, पण मुक्काम सलग 90 दिवसांचा असेल तर. छोट्या खोलीमालकाची उलाढाल या कराच्या कक्षेतही येत नाही, त्यामुळे आंबिवलीत याने फारसं अडत नाही. पण दृष्टी बघा: तीन महिने टिकलास तर रहिवासी, त्याआधी चैनीचं गिऱ्हाईक.

शेवटी कायद्याचा आव आणणारे उरतात. ‘सोसायटी आमची, खासगी मालमत्ता आहे, कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू.’ यांच्यातला एखादा वाचणारा निघाला तर तो 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतो, अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा. तो निकाल सभासदत्वाबद्दल होता, आणि सभासदत्वाची ती अट त्या सोसायटीच्या उपविधीतच लिहिलेली होती. लिव्ह अँड लायसन्सवर आलेला माणूस सभासद होत नाही, आणि ‘बॅचलर नको’ अशी अट इथल्या सोसायट्यांनी स्वीकारलेल्या आदर्श उपविधींत कुठेही नाही. 2014 चे आदर्श उपविधी उघडा: सदनिका भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडून. सदनिका भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासन निर्णय 2001 पासून आहे. आणि पेइंग गेस्ट हा प्रकार इतका उपरा असता, तर भाडे नियंत्रण कायद्याने त्याची व्याख्या केली नसती. तेव्हा नियम मोडतंय कोण? एनओसीच्या नावाखाली खोली अडवणारी कमिटी, का ती मुकाट्याने शोधत फिरणारी नर्स?

एकच आक्षेप असा आहे ज्याला उत्तर देण्यासारखं काही आहे: एका खोलीत दहा-बारा जण कोंबणारे मालक. हे होतं, आणि ते धोक्याचं असतं, एका वायरीवर सगळं चालतं, बाहेर पडायला एकच दार. पण हा आक्षेप खोली वाटण्यावर कसा काय झाला? तो कोंबणाऱ्यावर आहे. माणशी किती जागा, किती संडास, किती दारं, हे महापालिकेने ठरवावं, तपासावं, मालकाला दंड करावा. पाच जणांना कागदावर रीतसर राहू दिलं असतं तर दहा जणांची खोली चाललीच नसती. ती बंदीच्याच जिवावर चालते. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. एवढ्या मोठ्या शहरात मुक्कामी कामगारासाठी, शिकाऊ मुलीसाठी, परीक्षार्थ्यासाठी सार्वजनिक, स्वस्त, सामाईक निवासाची सोय काय आहे, हा प्रश्न नगरसेवकाला विचारायचा सोडून आपण वॉचमनला रात्री दहानंतर कोण येतं याची वही ठेवायला सांगतो.

इथली माणसं हे विसरू शकतात याचंच नवल. मोहन्याचा एनआरसी कारखाना 2009 साली बंद पडला तेव्हा हजारो कामगारांची देणी अडकली. परगावाहून आलेल्या, कंपनीच्या भरवशावर इथे रुजलेल्या माणसांचीच ती वसाहत होती. कारखाना माणूस आणतो, माणूस खोली शोधतो, खोलीमुळे किराणा, मेस, रिक्षा, सलून चालतं. कारखाना गेल्यावर या बाजूच्या अनेक घरांत भाड्याने दिलेली एक खोली हाच महिन्याचा आधार उरला. ज्याच्या भाड्यावर घर चालतं त्यालाच ‘असली माणसं’ म्हणायचं, ही मिजास न परवडणारी आहे, आणि ती कुणालाच परवडू नये. खोली वाटून राहणारा माणूस शहराचं काही हिरावून घेत नाही. त्याच्या मिळकतीत जेवढं शहर बसतं तेवढंच तो वापरतो, आणि बदल्यात त्याचा पूर्ण दिवस शहराला देतो. त्याला खोली मिळणं हा त्याचा हक्क आहे, पूर्ण भाडं भरून, पूर्ण कागदावर, कुणाचीही मेहेरबानी न घेता.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत ‘बॅचलर व शेअरिंगवाल्यांना बंदी’ असा ठराव येणार असेल तर जरूर येऊ द्या. मांडणाऱ्याने फक्त उपविधीतलं कुठलं कलम त्याला आधार आहे ते वाचून दाखवावं. आणि मग हेही सांगावं, की पहाटे दूध आणणारा, बंद पडलेली लिफ्ट उघडणारा, दवाखान्यात त्याच्या आईला सलाईन लावणारी, ही माणसं रात्री कुठे झोपावीत अशी त्याची सूचना आहे. जे उत्तर येईल ते सेक्रेटरीने इतिवृत्तात शब्दशः उतरवून घ्यावं, सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसकट.